शोहेईकाकांची टाकी

"तुझे काका खोटारडे होते," किकुएमावशी फोनवर म्हणाली. "चाळीस वर्षं फसवलं त्या माणसानं मला. आठवडाभर गिळून बसले होते, आता नाही बसवत. ये."

सुमिए हामामात्सु शहराच्या पोलिसांत चोरीच्या मालाचा तपास करायची. मावशीला तिनं रडताना ऐकलं होतं, शिव्या देताना कधीच नाही. जेवणाचा डबा तसाच टाकून ती निघाली.

मावशीचे यजमान शोहेईकाका एप्रिलमध्ये गेले. आता डिसेंबर लागला होता आणि कोरडा वारा नुसता कापत होता. घरात पाऊल टाकताच सुमिएच्या डोक्यात तिडीक गेली. देव्हाऱ्यातला काकांचा फोटो मावशीनं पालथा घालून ठेवला होता.

मागच्या शेडमध्ये दोघे जण थांबले होते. एक तोबिता, जुन्या मोटरसायकलींचा दुकानदार. गाडीची किंमत करायला मावशीनं त्याला बोलावलं होतं. दुसरा कुरेमात्सु, जुन्या गाड्यांच्या मंडळाचा अध्यक्ष, काकांचा तीस वर्षांचा दोस्त. दोघांच्या मध्ये काकांची एकोणीसशे सत्तावन्न सालची लाल गाडी उभी होती.

"टाकी नकली आहे," तोबिता म्हणाला. "कार्ब्युरेटरही. हल्ली बनवलेले. बाकी गाडी अस्सल, पण या दोन वस्तूंनी किंमत पार झोपते."

"काका म्हणायचे, एकेक स्क्रू मूळचा आहे."

"म्हणायचे!" मावशी उसळली. "होक्काइदोला जाऊ म्हटलं, तर म्हणे थांब, मूळ टाकी मिळतेय. त्या अस्सलपणापायी मी कुठे म्हणून गेले नाही गं. आणि शेवटी हा पत्र्याचा डबा!"

कुरेमात्सुनं उसासा टाकला. "जाऊ द्या वहिनी. गेलेल्या माणसाला काय बोलायचं? मी घेतो गाडी, आहे तशी. शोहेईची आठवण म्हणून."

"तुम्ही? नकली टाकीची गाडी?" तोबिता हसला. "अहो, तुम्ही तर पेट्रोलमध्येसुद्धा जुन्या काळासारखं एरंडाचं तेल मिसळणारे! निघताना गाडी पाळण्यासारखी हलवत बसता. मंडळाचा चहा संपतो, तुमचं हलवणं संपत नाही."

"पूर्वी शर्यतीच्या गाड्यांना तेच तेल लागायचं. जिवात जीव आहे तोवर माझ्या इंजिनात दुसरं जाणार नाही."

सुमिएनं टाकीचं झाकण उघडलं. काठोकाठ पेट्रोल. तिनं वास घेतला, झाकण लावलं आणि मावशीकडे वळली.

"शेडमध्ये एकटं कोण कोण आलं होतं?"

"दोघेही. कुरेमात्सु गेल्या महिन्यात टायर बघायला आले, मी तेव्हा देवळात होते. तोबिता गेल्या आठवड्यात आले. मी चहा करत होते, मग बाहेर येऊन त्यांनीच टाकीचं सांगितलं."

"तोबितासान, अशा टाक्या विकतं कोण?"

"मीच विकतो." तोबिताचा चेहरा उतरला. "पोस्टानं अख्ख्या देशात जातात. मी बदलली असती तर नकली आहे हे मीच कशाला सांगितलं असतं?"

"किंमत पाडायला."

"मला ही गाडी घ्यायचीच नाही! वहिनींना विचारा."

"नाही म्हणाले खरे," मावशी पुटपुटली.

सुमिएनं काचेची बरणी मागितली. टाकीखालची नळी काढून तिनं तोटी उघडली. आधी काहीतरी घट्ट, पिवळट लोंबत आलं. मग पातळ पेट्रोल आलं. बरणीत खाली जाड थर बसला. तो बघताच तोबितानं आ वासला.

"मावशी, ऐक," सुमिए म्हणाली. "काका गेल्यापासून गाडी बंद आहे. आठ महिन्यांचं पेट्रोल कुजक्या रंगासारखं वास मारतं. हे ताजं आहे, आणि बंद गाडीत कुणी उगाच पेट्रोल भरत नाही. म्हणजे ही टाकी काका गेल्यावर बसवली. काकांनी तुला फसवलं नाही."

मावशीनं शेडच्या खांबाला धरलं.

"साधा चोर रिकामी टाकी लावून पळाला असता. पण या जुन्या गाड्यांच्या वेड्यांना लोखंडी टाकी रिकामी बघवत नाही. थंडीत आतून गंजते म्हणून काठोकाठ भरायची, तीही आपल्या हातानं तेल मिसळून. चोरी करतानाही हाताची सवय सुटली नाही. हल्लीचं तयार तेल पेट्रोलमध्ये विरघळून राहतं. गारठ्यात तळाला बसतं ते एरंडाचं. म्हणून तर गाडी हलवावी लागते. हो ना, कुरेमात्सुसान?"



"मूळ टाकी माझ्या घरी आहे. कार्ब्युरेटरही. ओरखडासुद्धा नाही," कुरेमात्सु म्हणाला. "वहिनींनी गाडी कुणा पैसेवाल्याला विकली असती. त्यानं दिवाणखान्यात शोभेला ठेवली असती. किंमत पडली तर ती मला परवडली असती, माझ्याकडे ती धावली असती. तीस वर्षं मागत होतो, शोहेईनं दिली नाही."

"म्हणून काकांना खोटारडं ठरवलंत?" सुमिए कडाडली. "लुटायचं होतं तर लुटायचं! मेलेल्या दोस्ताची अब्रू कशाला घालवलीत? इथं उभे राहून, वर उसासे टाकत!"

कुरेमात्सु मावशीपुढे कमरेतून वाकला. "वहिनी, माफ करा."

"वाकू नका माझ्यापुढे. वर बघा!" मावशी एवढ्या जोरात ओरडली की शेजारची खिडकी उघडली. "टाकी नेलीत, न्या. गाडीही न्या. पण आठवडाभर मी त्या माणसाला नाही नाही ते बोलले. त्याला एक शब्द उलट बोलता आला नाही. ते आता मी कुणाजवळ परत घेऊ? सांगा ना, तुम्ही तर त्याचे दोस्त होतात!"