मागची सीट

"ताई, मागे नको बसूस. पुढे ये," भावाने दार धरून सांगितले, आणि मोठी बहीण चहाचा थर्मास मांडीवर घेऊन निमूटपणे पुढे बसली. प्रदर्शनाच्या दिवशी मागची सीट कुणी दाबायची नाही, हा त्याचा नियम होता. ती सीट हिनेच टाक्याटाक्याने शिवली आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. चौदा वर्षे तेवढे एक गुपित अंतःकरणात दडवून ती त्याच्या शेजारी बसत आली होती...

जुन्या गाड्यांचे ते प्रदर्शन गावाबाहेरच्या मैदानावर दरसाल भरे. गाड्यांचे मालक ही एक वेगळीच जमात. लग्नाची तारीख विसरतील, पण कार्ब्युरेटर कधी उघडला ते वारासकट सांगतील. सगळ्यांत मानाची ओळ 'मूळ स्थितीतल्या' गाड्यांची, म्हणजे कारखान्यातून निघाल्यापासून ज्यांत काहीही बदललेले नाही अशांची. बाबांची गाडी त्या ओळीत लागोपाठ दोनदा पहिली आली होती; यंदाही आली, तर कप कायमचा घरी राहणार होता. गाडीपाशी जो थांबेल त्याला भाऊ अभिमानाने सांगे, "हिला कुणाचा हात लागलेला नाही." पाठीमागे घडीच्या खुर्चीवर बसलेली बहीण ते ऐके आणि थर्मासचे झाकण उगाचच घट्ट करी.

बाबा गेले तेव्हा त्यांचे कुशनचे दुकान तिने अंगावर घेतले आणि भावाला परदेशी शिकायला धाडले. जाताना त्याने किल्ली तिच्या हातावर ठेवली होती. "बाबांची गाडी आहे तशी सांभाळ," एवढेच म्हणाला होता. पुढे आईने अंथरूण धरले, दोन महिने गॅरेजचे दार उघडायलाही उसंत मिळाली नाही, आणि उघडले तेव्हा उंदरांनी मागच्या सीटचा पार भुगा केला होता! आई गेल्यावर तिने त्याच विणीचे जुने कापड शोधून शोधून मिळवले, उन्हात टाकून विटवले, आणि दुकानातली गिऱ्हाइके सांभाळत अकरा आठवडे शिवत बसली. भाऊ परतला, सीटवरून हात फिरवून म्हणाला, "जशीच्या तशी ठेवलीस गं." तेव्हा सांगायचे राहिले ते राहिलेच.

यंदाचे परीक्षक नवे होते. उभा जन्म मोटारींच्या सीटा शिवण्यात घालवून निवृत्त झालेले म्हातारे गृहस्थ. गाडीत डोके घालून त्यांनी सीटच्या कोपऱ्यांवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "मागची सीट कारखान्याची नाही."

भावाचा चेहरा उतरला. "असं कसं होईल?"

"कारखान्यात आम्हाला एका सीटला चाळीस मिनिटं मिळायची. कोपऱ्यावर टाके दाटायचेच. इथे एकही दाटलेला नाही. इतकं चांगलं आम्ही कधी शिवलं नाही."

"ताई, तूच सांग यांना. मी बाहेर होतो तेव्हा गाडी तुझ्याच ताब्यात होती ना?"

जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या कामाची अशी पारख केली होती. खरे सांगावे तर कप जाणार, आणि भावाने विश्वासाने सोपवलेली ठेव आपण सांभाळली नाही हेही उघड होणार... तिने मान खाली घातली. "कारखान्याचीच आहे," ती म्हणाली.

परीक्षकांनी तिच्या सुईने चरे पडलेल्या बोटांकडे पाहिले आणि वही मिटली. "तुम्ही म्हणता तर असेल. पण ज्यानं कुणी शिवली असेल, त्याला माझा नमस्कार सांगा."

"सांगते," ती सवयीने बोलून गेली.

परीक्षक पुढच्या गाडीकडे वळले. भाऊ मात्र जागचा हलला नाही. "सांगते म्हणजे? कुणाला सांगणार आहेस?"

मग तिला सगळे सांगावेच लागले. उंदीर, आईचे आजारपण, अकरा आठवडे. "तुला काय तोंड दाखवणार होते मी? आता गप्प बस आणि कप घे. इतकी वर्षं कुणाला कळलं नाही, आज कळून काय होणार आहे?"

"मी तुझ्यासमोर लोकांना सांगत होतो, कुणाचा हात लागलेला नाही म्हणून. आणि तू ऐकत होतीस?"

"काम बेमालूम झालं म्हणून पहिली दोन-तीन वर्षं बरं वाटायचं."

"आणि नंतर?"

"नंतर नाही वाटायचं," ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांचे साठलेले डोळ्यांतून ओघळू लागले.

भाऊ सरळ परीक्षकांकडे गेला. परतला तो कपावरचा हक्क सोडून, दुरुस्त केलेल्या गाड्यांच्या ओळीचा कागद घेऊन. त्या ओळीचा निकाल आधीच लागून गेला होता, तरी त्याने तिला स्टिअरिंगवर बसवले आणि मागून गाडी ढकलत तिकडे नेली. शेजारचे मालक असे पाहत होते, की जणू याला वेडच लागले आहे. काचेमागे लावायच्या कागदावर तीन रकाने होते. मालक, साल आणि कारागीर. शेवटच्या रकान्यात त्याने आधी 'माझी ताई' लिहिले, मग ते खोडून तिचे पूर्ण नाव लिहिले.

थोड्याच वेळात एक अनोळखी जोडपे गाडीपाशी थांबले. "मागची सीट कुणी शिवली हो?" बाईंनी विचारले. भावाने सवयीने तोंड उघडले, पुन्हा मिटले आणि तो बाजूला झाला.

"मी शिवली," बहीण म्हणाली.