गाडी आठ मिनिटं थांबते

ऑगस्टमधली दुपार होती. पाऊस धड पडतही नव्हता आणि धड उघडतही नव्हता. रत्नागिरीत मांडवीच्या रस्त्यावरच्या आपल्या छोट्याशा दुकानात झरीन एका ब्लाउजला हुक लावत बसली होती, तेवढ्यात दारात धाडकन आवाज झाला. तिने दचकून वर पाहिलं. दुकानाची पाटी एका खिळ्यावर लोंबकळत होती, आणि तिच्यामागे एक माणूस कपाळ चोळत उभा होता.

गेली अठरा वर्षं अख्खी मांडवी त्या पाटीखालून ये-जा करत होती. आजवर कुणाचं डोकं तिथवर पोचलं नव्हतं.

"लागलं का?" झरीनने विचारलं.

"मला की पाटीला?"

"पाटीला!"

तो हसला. ओले केस, काळेभोर डोळे आणि दाराच्या चौकटीत मावता मावत नाही असा देह. "पाटीला जरा जास्तच लागलंय. हातोडी असेल तर द्या, लावून देतो. शिडी नको."

आणि खरंच, नुसते हात वर करून त्याने पाटी जागच्या जागी ठोकली. मग पिशवीतून क्रीम रंगाचं कापड काढून काउंटरवर ठेवलं. "खरं तर मी शेरवानी शिवायला आलोय."

"पाटी वाचलीत ना आत्ता? लेडीज टेलर्स."

"वाचली. फारच जवळून वाचली."

झरीनने हसू ओठांत दाबलं. त्याने आपली कर्मकहाणी सांगितली. त्याचं नाव जिब्रान, राहणारा राजिवड्याचा. पुढच्या महिन्यात बहिणीचा, आफरीनचा, निकाह. रेडिमेड शेरवानीच्या बाह्या कोपराच्या जरा खाली येऊन थांबतात. दोन टेलरांनी हात जोडले, तिसऱ्याने शिवली ती आता धाकट्या भावाला होते.

दुकानामागच्या घरातून झरीनची अम्मी, हफीजा, चष्मा कपाळावर चढवत बाहेर आली. तिने त्याला पायापासून वरपर्यंत न्याहाळलं. त्यात बराच वेळ गेला.

"तू इब्राहिमचा मुलगा ना रे? तो बास्केटबॉलवाला?"

"होय, खाला."

"मग घे गो मापं," अम्मी झरीनला म्हणाली. "माझा खांदा एवढा वर जायचा नाही."

झरीन स्टुलावर चढली. तेव्हा कुठे त्याचे डोळे तिच्या डोळ्यांसमोर आले... आणि दोघांनीही एकदमच दुसरीकडे पाहिलं.

"खांदा... साडेएकवीस," ती वहीत न बघताच म्हणाली. "हात सरळ ठेवा. बाही... एकोणतीस. बाई गं!"

"थांबू का अजून?"

"श्वास सोडा. छातीचं माप घ्यायचंय, स्पर्धा नाहीये."

"सोडला तर शेरवानी घट्ट होईल आणि धरला तर मी पडेन. तुम्हीच ठरवा."

अम्मी दोऱ्यांच्या डब्यात उगाचच काहीतरी शोधत होती.

पहिली ट्रायल झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ट्रायलची गरज नव्हती, तरी झाली. मधल्या दिवसांत झरीनला त्याच्याबद्दल बरंच काही कळलं. पंधराव्या वर्षी शाळेच्या सरांनी त्याची उंची बघून त्याला पुण्याला पाठवलं होतं. मग चेन्नई, मग तीन वर्षं बहारीनमधल्या एका क्लबात. खेळायची जागा एकच, सेंटर. या फेब्रुवारीत सामन्यात उडी मारून तो खाली आला आणि गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं. ऑपरेशन झालं, क्लबने करार संपवला. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच तो सलग दहा दिवसांपेक्षा जास्त घरी राहिला होता.

"आता?" तिने विचारलं.

"आता गुडघा काय म्हणतो ते बघायचं."

झरीन टेप गुंडाळू लागली. तिचे अब्बा, अहमद, तेवीस वर्षं बोटीवर होते. वर्षाकाठी दीड महिना घरी. परफ्यूमच्या बाटल्या, चॉकलेटं, मऊ ब्लँकेटं, आणि मग बॅग भरतानाची ती घरभर पसरलेली शांतता. आता ते कायमचे परत आले होते, पण अम्मीशी बोलताना अजून पाहुण्यासारखे बोलत. 'पाणी मिळेल का?' असं स्वतःच्या घरात विचारत. झरीनने कॉलेजात असतानाच अम्मीला सांगून टाकलं होतं, 'मला परदेशातलं स्थळ बघू नकोस. बोटीवरचं नको, आखातातलं नको. रोज संध्याकाळी घरी येणारा माणूस हवा.' त्यापायी तिने तीन चांगली स्थळं परत धाडली होती.

आणि आता हा. फिरत्या पायांचा.

निकाहात ती शेरवानी सगळ्यांच्या नजरेत भरली. गर्दीत त्याला शोधावं लागत नव्हतं, तो कुठूनही दिसायचा. पण झरीनने जेव्हा जेव्हा तिकडे पाहिलं, तेव्हा तो आधीच तिच्याकडे बघत होता. ती पंगतीत पाण्याचा जग घेऊन फिरत असताना तो शेजारून गेला आणि हलकेच म्हणाला, "बाही बरोबर मनगटावर आलीय. आयुष्यात पहिल्यांदा."

एवढंच वाक्य. पण ते ती पुढे कितीतरी दिवस मनात घोळवत राहिली.

पाऊस ओसरला. जिब्रान रोज पहाटे मांडवीच्या काळ्या वाळूत, गुडघाभर पाण्यात चालायचा. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर सराव करायचा. एकदा दुकान बंद करून ती तिकडे गेली.

"सेंटर म्हणजे नक्की काय करतो?" तिने विचारलं.

"उभा राहतो."

"थट्टा नको हं."

"खरंच. ये, दाखवतो." 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नव्हतं. त्याने तिला कोर्टवर एका जागी उभं केलं. "आपला खेळाडू बॉल घेऊन येतो. त्याच्या मागे प्रतिस्पर्धी. मी मध्ये असा उभा राहतो, भिंतीसारखा. कुणी अंगावर येऊन आदळलं तरी हलायचं नाही. तेवढ्यात आपला खेळाडू मोकळा सुटतो. नाहीतर मग बास्केटखाली रेटारेटी करून परत आलेला बॉल पकडायचा आणि दुसऱ्याला द्यायचा."

"मग तुला काय मिळतं?"

"कोपरं."

ती खळखळून हसली. तोही हसला, पण मग बास्केटकडे बघत म्हणाला, "पण झरीन... त्या गर्दीत बॉल हातात आला ना, की एक क्षण सगळे आवाज बंद होतात. तेवढ्यासाठी मी पंधरा वर्षं घराबाहेर काढली."

त्याचा चेहरा तिने तेव्हा नीट पाहिला. असा उजळलेला चेहरा तिने अब्बांचा कधी पाहिला नव्हता. आणि हा चेहरा रत्नागिरीत राहणारा नव्हता.

ऑक्टोबरच्या शेवटी कोचीहून फोन आला. नव्या व्यावसायिक लीगमधला संघ, दोन मोसमांचा करार. गुडघा तपासून डॉक्टरांनी होकार दिला होता. जिब्रान थेट दुकानात आला. या वेळी डोकं नीट वाकवून.

"जाऊ का?" त्याने विचारलं.

मशीनचं चाक झरीनने हाताने थांबवलं. "मला का विचारतोस? मी तुझी कोण?"

"तेच तर विचारतोय."

बाहेरून एक रिक्षा गेली. कुठेतरी मासळीवाली भाव सांगत होती. झरीनने मशीनखालचं कापड सरळ केलं. "जा," ती म्हणाली. "तुझं काम आहे ते."

"एका प्रश्नाचं उत्तर दिलंस. दुसऱ्याचं?"

तिने मशीन सुरू केलं. तो थोडा वेळ थांबला आणि निघून गेला. ती शिवत राहिली. नंतर पाहिलं तर कुर्त्याची बाही गळ्याला जोडली होती.

पुढचे चार महिने तिला कुणी विचारलं असतं तर तिने 'मजेत आहे' असं सांगितलं असतं. ईदच्या ऑर्डरी आगाऊ येऊ लागल्या होत्या, दुकान जोरात होतं. पण रस्त्याने कुणी उंच माणूस गेला की तिची सुई थांबायची. भरतीच्या वेळी समुद्राचा आवाज दुकानापर्यंत यायचा, आणि तो पाण्यात चालत असेल असं उगाच वाटून जायचं. त्याचे मेसेज यायचे. 'आज हरलो.' 'इथल्या मासळीला आपल्या कोकमाची चव नाही.' 'गुडघा बरा आहे. बाकीचा नाही.' ती दोन-दोन तास उत्तर जुळवायची आणि शेवटी 'काळजी घे' एवढंच पाठवायची.

सामने मोबाईलवर दिसायचे. दुकानात काउंटरला टेकवून ठेवलेल्या फोनवर ती आणि अम्मी बघायच्या.

"हा मेला नुसता उभाच राहतो गो!" अम्मी वैतागायची.

"अम्मी, तेच काम आहे त्याचं."

एके दिवशी एका धिप्पाड खेळाडूने त्याला असं पाडलं, की तो बराच वेळ उठला नाही. झरीनच्या हातातली कात्री निसटली. अम्मीने ती उचलून काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "त्याला काय सांगितलंस तू?"

"काहीच नाही. तुझ्यासारखं आयुष्यभर वाट बघत बसायचं नाहीये मला."

लेकीने असं तोडून बोललेलं अम्मीला लागलं असेल, पण ती रागावली नाही. "वाट बघण्याचं मला काही वाटलं नाही गो. त्या वर्षांतच तर हे दुकान उभं केलं मी. तुझ्या अब्बांनी मला कधी विचारलं नाही, एवढंच सलत राहिलं. तिकीट काढायचे आणि सांगायचे, 'उद्या निघतो.' एकदा जरी विचारलं असतं, 'हफीजा, जाऊ का?'..." तिने चष्मा पुसला. "मी जा म्हटलंच असतं."

झरीन फोनच्या पडद्याकडे बघत राहिली. जिब्रान उठला होता आणि लंगडत पुन्हा आपल्या जागी उभा राहत होता.

फेब्रुवारीत त्याचा मेसेज आला. 'संघ मुंबईला चाललाय, ट्रेनने. गुरुवारी सकाळी अकरा वाजता रत्नागिरी. गाडी आठ मिनिटं थांबते.'

या वेळी तिने दोन तास लावले नाहीत. 'येते,' एवढंच लिहिलं.

गुरुवारी गाडी फलाटावर शिरली तेव्हा तो वाकून दारात उभा होता. गाडी पुरती थांबायच्या आधीच उतरला. गुडघ्याला पट्टा, भुवईवर टाक्यांची खूण. दोघं समोरासमोर उभे राहिले आणि पहिलं मिनिट तसंच गेलं.

"बारीक झालीस," तो म्हणाला.

"वरून सगळेच बारीक दिसतात तुला."

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "झरीन, ऐक. वेळ नाहीये. तुला रोज संध्याकाळी घरी येणारा माणूस हवा होता. आफरीन सांगत होती. मी... मी उतरतो इथेच. कोचला फोन करतो. शाळेत मुलांना शिकवीन. बॅग आत आहे, गेली तर जाऊ दे."

चार महिने तिने हेच तर मागितलं होतं, उशीत तोंड खुपसून, नमाजात हात पसरून. तो खरोखर फलाटावर उभा होता. नुसतं 'रहा' म्हणायचं होतं.

"सामना कधी आहे?" तिने विचारलं.

"शनिवारी. पण..."

"आणि मोसम?"

"मार्चअखेर संपतो. मग पुढच्या वर्षी एक. मग गुडघाच नाही म्हणेल."

"मग जा," ती म्हणाली. "माझ्यासाठी उतरलास तर रोज संध्याकाळी घरी येशील, पण त्या मैदानावरचा तू येणार नाहीस. मला तो हवाय. मार्चअखेर ये, आणि अब्बांना भेटायला ये. मी दुकान सोडणार नाही. मला जमेल तेव्हा मी कोचीला येईन, तुला जमेल तेव्हा तू इकडे. आणि दर वेळी जाताना विचारायचं. समजलं?"

"म्हणजे त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर..."

भोंगा झाला. संघातल्या पोरांनी दारातून त्याच्या नावाने हाका मारायला सुरुवात केली. त्याने तिचा हात क्षणभर आपल्या भल्यामोठ्या पंजात धरला आणि सोडला. गाडी हलली, तो लंगडत धावून चढला आणि दारातून वाकून ओरडला, "उत्तर काय? ऐकू आलं नाही!"

सगळा फलाट बघत होता. हमाल, चहावाला, बॅगांवर बसलेलं एक अख्खं कुटुंब.

"होय!" झरीन ओरडली. "होय म्हणतेय!"

गाडीच्या दोन-तीन खिडक्यांतून शिट्ट्या आल्या. शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत ती उभी राहिली, आणि मग कधीचं थोपवून धरलेलं पाणी डोळ्यांतून घळाघळा वाहू लागलं.

दुकानात पोचली तेव्हा अम्मी मशीनवर होती. तिने मान वर केली नाही.

"रडलीस?"

"हो."

"गाडी सुटायच्या आधी की नंतर?"

"नंतर."

अम्मीने पाय थांबवला. दोरा दातांनी तोडला. "बरं केलंस. मी नेहमी आधी रडायचे. तेच तोंड डोळ्यांत घेऊन जायचे बिचारे." मग तिने उठून घरात डोकावलं आणि झरीनने आजवर कधी ऐकली नव्हती अशा मोकळ्या आवाजात हाक मारली, "अहो, ऐकलंत का? मार्चअखेर पाहुणे येणार आहेत. बाहेर या जरा, बसून बोलू."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अब्बा दारात आले आणि दोघींच्या ओल्या डोळ्यांकडे बघत उभे राहिले. मग पाणी न मागता, पाहुण्यासारखं काही न विचारता, स्टूल ओढून ते अम्मीच्या शेजारी बसले.