लांबून ऐकायचा सायलेन्सर

कुस्वोयोचा विश्वास फक्त आकड्यावर. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटर वाचण्यात त्याची अकरा वर्षं गेली होती, आणि कुणी काही सांगितलं की तो आधी विचारायचा, "मोजलंय का?" मोटारसायकलला नवा सायलेन्सर निवडायला तो पुर्बालिंगा गावच्या सायलेन्सर आळीत आला, तेव्हाही फोनवर आवाज मोजायची सोय करूनच आला.

बदलणं भाग होतं. जुन्या सायलेन्सरवर त्याचा भारी जीव, पण गाडी गल्लीत वळली की चार महिन्यांची लेक नीनिंग दचकून उठायची आणि मग दोन-दोन तास टाहो. परवा त्याच्या बायकोनं, विजीनं, शांतपणे सांगून टाकलं होतं, "या घरात एक तर तो राहील, नाही तर आम्ही दोघी." ती ओरडली असती तर त्याला इतकी धास्ती वाटली नसती.

सायलेन्सर बनवणाऱ्या दारमिनकाकांच्या पडवीत पत्र्याचा कीस, वेल्डिंगचा वास आणि ताटलीत अर्धं खाल्लेलं मेंदोआनचं भजं. कुस्वोयोनं घरचं गाऱ्हाणं सांगून फोन पुढं केला.

"तो ठेव खिशात," काका म्हणाले. "गाडीवर बसणाऱ्याला आपला आवाज कधी कळत नाही बाबा. घरच्यांना काय ऐकू येतं ते ऐक. आळीच्या टोकाला जा, पाठ करून उभा राहा, डोळे मीट. मी गाडी आणतो. पटला की हात वर. आणि या आळीत हात वर केला की ठरलं, मग बदलून मागायचं नाही."

"आणि एकही नाही पटला तर?"

"तर बायकोला माहेरी सोडून ये."

पहिल्याचा घसा बसलेला. दुसरा इतका मवाळ की गाडीच आजारी वाटावी. तिसऱ्यासाठी तो पुन्हा पाठ करून उभा राहिला. पायांची चुळबुळ थांबत नव्हती.

तिसरा लांबून आला. मऊ, भरदार, ओळखीचा. वळणावर वेग दोनदा कमी झाला, तो स्वतः करायचा अगदी तसा. गाडी त्याच्या पाठीशी येऊन थांबली. पोटरीला ऊब लागली. त्यानं हात वर केला आणि वळला.

मागं कुणी नव्हतं. आळीच्या त्या टोकाला काका अजून बोल्ट आवळत बसले होते.

"हात कशाला वर केलास?" त्यांनी ओरडून विचारलं. "अजून किल्लीसुद्धा फिरवली नाही मी!"

"दुसरी एखादी गाडी गेली असेल," कुस्वोयो म्हणाला.

दुसरी गाडी गेली नव्हती. काका बराच वेळ त्या सायलेन्सरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हात वर केलास ना? आता तुझा."

पहिल्या संध्याकाळी नीनिंग उठली नाही. कुस्वोयोला हायसं वाटलं. पण विजी म्हणाली, "मघाशी येऊन परत कुठं गेला होतात? मी फाटक उघडलं, तर तुम्ही गायब."

"मी आत्ताच येतोय."

"मला आवाज ओळखता येत नाही होय?"

स्लामेत डोंगराकडून वारा असला की आवाज पुढं धावतो, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि वहीत लिहिलं: आवाज चार मिनिटं आधी. दुसऱ्या दिवशी अकरा. चौथ्या दिवशी टेबलावर त्याच्यासाठी ओतलेला चहा गार झालेला होता. त्याची झोप उडाली. तो कामावरून लवकर निघू लागला, तरी आकडा वाढतच गेला.

आठव्या दिवशी बावन्न मिनिटं. पेला रिकामा होता.

"आणखी घेणार?" विजीनं विचारलं.

नवव्या दिवशी तो भर दुपारीच निघाला आणि थेट आळीत आला.

"काढा हा."

"ठरलं होतं ना—"

"काका, माझ्या घरी माझ्याआधी कुणीतरी पोचतंय." त्याला भीती वाटत होती, आणि ती लपवायचं त्राण उरलं नव्हतं.

काकांनी हाताला ओलं फडकं गुंडाळलं. वीस किलोमीटर चालून आलेला सायलेन्सर, उघडा हात लागला तर कातडी सोलून निघेल.

फडकं टेकलं. वाफ आली नाही.

त्यांनी फडकं टाकलं आणि तळवा ठेवला.

"गार आहे," ते म्हणाले. "तू आलास कसा?"

कुस्वोयोनं खिसा चाचपला. फोन नव्हता. सकाळी घेतलेला त्याला पक्का आठवत होता. त्यानं काकांच्या फोनवरून विजीला लावला.

"हळू बोला हो," विजी कुजबुजली. "आत्ताच डोळा लागलाय दोघांचा. मुलगी त्यांच्या छातीवर झोपलीय."

"विजी, कुणाच्या?"



"कोण बोलतंय आपण?"

तिच्या मागून, पुढच्या खोलीत जिथं तो रोज गाडी आत घेऊन लावायचा तिथून, तापलेला सायलेन्सर निवताना होतो तो बारीक आवाज येत होता. टिक. टिक.