बनाबाईची हाक

चौऱ्याण्णव सालच्या ऊस हंगामातली गोष्ट. दिवस कलायला आला तसा रावजी गळाची काठी खांद्यावर टाकून संगमाकडं निघाला. वाटेत भेटलेल्यांनी मुकाट्यानं बाजूला होऊन वाट दिली. गळ टाकायला निघालेल्याला कुठं चाललास म्हणून विचारायचं नसतं, आणि रावजीला तर कुणी काय विचारणार? पोरगं गेलेलं, त्याचं अजून वर्षश्राद्धसुद्धा व्हायचं होतं.

नरसिंहपुरात नीरा जिथं भीमेला मिळते, तिथून थोडं मागं, बाभळींच्या आडोशाला पाणी वळून आत येतं. बाहेर दोन नद्यांची रेटारेटी चाललेली असते, इथं मात्र पाणी घागरीतल्यासारखं निवांत. त्या पोराची, रविराजची, ही लाडकी जागा. शेतातलं काम उरकलं की तो गळ घेऊन इथल्या चपट्या खडकावर येऊन बसायचा. पावसाळ्यात पाणी एकाएकी चढलं आणि इथूनच तो गेला.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. गेलेल्याचा जीव कशात अडकला असेल ते ओळखून, ते आम्ही पुरं करू असं सांगायचं असतं. सगळ्यांनी सांगून पाहिलं. बहिणीला दिवाळीला आणू, तुझा बैल विकणार नाही, आणखी काय काय. कावळे झाडावरून हलेनात. ऊन चढलं, लोक कंटाळले. तेव्हा त्याच्या आईचा, बनाबाईचा, धीर सुटला आणि ती म्हणाली, "घरी ये रं माझ्या राजा."

कावळा लगेच उतरला. पिंडाला चोच लागली तसे लोक उठले, पण कुणी कुणाकडं बघेना. गेलेल्याला मोकळं करायचं, तर या माउलीनं त्याला घरी बोलावलं होतं. तिला तरी काय बोलणार? आईच ती.

तेव्हापासून रोज सकाळी अंगणात मासा पडलेला असायचा. कधी चिलापी, कधी मरळ, कल्ल्यातून बाभळीचा फोक ओवलेला, आणि मासा अजून तोंड हलवत असायचा. रविराज मासे असेच आणायचा. बनाबाई हसतमुखानं तो शिजवायची आणि एकटीच खायची. रावजी त्या माशाला शिवत नव्हता. त्याचं सगळं लक्ष बायकोकडं होतं. तिच्या अंगाला नदीच्या गाळाचा वास यायला लागला होता. बोटं दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली, आणि हात धरला तर गारठलेला. ती आपल्या हातून चालली आहे हे त्याला कळत होतं. पोराला घातलेली हाक मागं घे म्हणून त्यानं तिला किती विनवलं, पण ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. शेवटी पोरालाच सांगायचं ठरवून तो आज निघाला होता.

खडकावर बसून त्यानं गळ टाकला. दोरीला बांधलेला ज्वारीच्या ताटाचा तुकडा पाण्यावर तरंगत राहिला. बाभळीतली पाखरं एकेक करत गप्प झाली. मग तो तुकडा अलगद बुडाला आणि दोरी ताणली गेली. मासा हिसके देतो. हे तसं नव्हतं. लहान मूल आपलं बोट धरतं, तशी दोरी कुणीतरी नुसती धरून ठेवली होती.

रावजीला हुंदका आवरेना.

"रवी... आता येऊ नगंस बाबा. तुझी आय खंगत चाललीया... तेवढी तरी ऱ्हाऊ दे माझ्यापाशी."

दोरी तशीच ताणलेली राहिली. त्याला वाटलं, ओढावं, एकदा तोंड तरी बघावं. काठीवरचा हात आवळलासुद्धा. मग त्यानं कमरेचा विळा काढला आणि दोरी कापून टाकली. पोटच्या पोराला आता आपल्याच हातानं मारल्यासारखं त्याला झालं. ऊर फुटेस्तोवर रडून घेतलं आणि तो बांधाच्या वाटेनं घरी आला.

घराचं दार उघडं होतं. चूल पेटलेली, तवा तापलेला, आणि बनाबाई कुठं दिसेना. शेजारच्या रानात ऊसतोड्यांच्या कोप्या होत्या, पाचटाच्या झोपड्या. त्यातली सारजा बाहेर भाकरी थापत बसली होती. टोळी कालच उतरलेली, तिला या घरचं काही ठाऊक नव्हतं.

"मावशी आत्ताच गेल्या की," ती म्हणाली. "तुमचा पोरगा आला व्हता न्यायला. म्हणल्या, ह्याचा बा नदीवर बसलाय, तिघं मिळून जेवतो."

नदीकडं बांधाची ती एकच वाट. रावजी त्याच वाटेनं आला होता, आणि त्याला कुणीही भेटलं नव्हतं.

तो आल्या पावली मागं पळत सुटला. वाटभर तिला हाका मारत होता. खडकावर कुणी नव्हतं, पाणी तसंच निवांत. खडकावर एक फडकं अंथरून तीन भाकरी मांडल्या होत्या. दोन अर्ध्या खाल्लेल्या. तिसरी अजून कुणी मोडली नव्हती, आणि तिच्यातून वाफ निघत होती.