तांबडं अक्षर

जिन्यातला दिवा गेलेला, तिच्या हातात चहाचा पेला, त्याच्या हातात अर्धवट मिटलेली छत्री… टक्कर झाली आणि सगळा चहा छत्रीत.

"तुम्हीच का त्या चाळणबाई?"

"म्हणजे रोज ज्यांचं काम परत येतं, ते तुम्हीच."

कंपनीतल्या सगळ्यांचं प्रोग्रामिंग ज्या सर्व्हरवर साठे, त्याची राखण तिच्याकडे होती. तिच्या दारातून म्हणे डासही ओळखपत्र दाखवून शिरायचा. कुणी काही पाठवलं की ते आधी बाहेरच्या एका तात्पुरत्या खोलीत थांबे. तिनं बसवलेली तपासणी पार केली तर सगळंच्या सगळं आत. एक जरी खोट निघाली तर खोलीच पुसली जाई, मागमूस उरत नसे.

तीन महिने जिन्यात थट्टा चालली. मग एकाएकी तो दुसऱ्या जिन्यानं जाऊ लागला. तिचा चहा रोज पेल्यातच निवायचा.

आज कळलं, त्यानं बदली मागून घेतलीय. बाहेर दुपारीच अंधारलं होतं, पाऊस रेंगाळत होता. खाली गाडी उभी. तिनं त्याला जिन्यातच गाठलं.

"न सांगता निघालात?"

"त्या सोमवारी नकार दिलात, मग सांगायचं काय…"

"कसला नकार?"

"कामासोबतच्या टिपणात लिहिलं होतं. तुमच्यासाठी. मिनिटभरात परत — नामंजूर."

"खाली कारण होतं. वाचलंत?"

"तांबडं अक्षर दिसल्यावर पुढचं कोण वाचतं?"

"अहो, फायलीत पासवर्ड राहिला होता तुमचा. यंत्रानं परत धाडलं सगळं. माझ्यापर्यंत… काही आलंच नाही."

"पुन्हा पाठवू?"

"बदलीमुळे सर्व्हरवरचा तुमचा प्रवेश बंद केलाय. सकाळीच." तिनं मान खाली घातली. "मीच केला."

खाली भोंगा वाजला.

"मला… या जिन्याशिवाय, म्हणजे तुमच्या…"

"अर्धवट माल मी आत घेत नाही," ती म्हणाली. आवाज मात्र भिजला होता.

मग त्यानं सगळं सांगितलं, अडखळत, दोनदा चुकून. तिनं आयुष्यात पहिल्यांदा काहीही न तपासता आत घेतलं.

भोंगा पुन्हा वाजला. बदलीचा कागद काही परत फिरणारा नव्हता. तो गेला.

गाडी वळली तेव्हा तिला कठड्याला टांगलेली त्याची छत्री दिसली. तिनं ती उघडली. आत चहाचा डाग तसाच होता, आणि बाहेर तो गाडीपर्यंत पावसात भिजत गेला होता… मुद्दाम, छत्री तिच्यासाठी ठेवून.