मठातलं मूल

हे माझ्या वडिलांसोबत घडलंय. ते बाता मारणारे नव्हते, म्हणून सांगतेय.

साल १९८१. बहारीनमध्ये सनद नावाच्या गावापुढं एका खजुराच्या बागेत ख्रिस्ती साधूंचा पडका मठ होता. कित्येक शतकांपूर्वीचा.

दादा, म्हणजे माझे वडील बाळाजी, कोल्हापूरकडचे पाथरवट. भिंतींवरचा चुना खरवडायचा, खालची चित्रं आणि कोरीवकाम मोकळं करायचं, एवढंच त्यांचं काम. सोबत वसईचा मार्कस. तो चित्रांची नक्कल कागदावर उतरवायचा.

एका भिंतीत दगडी बाई निघाली. मागे फिकट लाल रंगात झाडं. मांडीवर मूल.

मुलाला चेहरा नव्हता. कुणीतरी कधीकाळी उडवलेला.

त्या दुपारपासून आवाज सुरू झाला...

बाईच्या रडण्याचा. भिंतीतून.

दादा भिंतीमागे गेले. नुसती वाळू. पावलाचा एक ठसा नाही.

मार्कसनंही ऐकलं. छातीवर क्रूसाची खूण करून म्हणाला, "यल्ला बाळाजी, आज खलास. चल."

आठ दिवस रोज तेच.

दादांना अन्न जाईना. वर्षभरापूर्वी माझी थोरली बहीण मालू तापानं गेली होती. सात वर्षांची. दादांना लीव्ह मिळाली नव्हती. घरात तिचा एक फोटोही नव्हता.

नवव्या दिवशी दादांनी बारीक छिन्नी घेतली.

"साहेबानं नुसतं साफ करायला सांगितलंय," मार्कस म्हणाला.

"लेकराला तोंडच नाही रे. आई रडंल नाहीतर काय करंल?"

संध्याकाळपर्यंत चेहरा झाला.

"कोण रे ही?" मार्कसनं विचारलं.

"माझी मालू."

रडणं थांबलं होतं.

सकाळी येऊन बघतात तर...

मुलाचा चेहरा पुन्हा सपाट. खाली दगडाचा चुरासुद्धा नाही.

भिंत मात्र गप्प.

दादांनी पुन्हा छिन्नी टेकवली. हात तिथंच राहिला.

मालू कशी दिसायची, ते त्यांना आठवेना.

पुढच्या वर्षी ते गावी आले. पाणीसुद्धा न पिता आईला विचारलं, "मथुरा, आपली मालू दिसायला कशी होती गं?"

"असं काय विचारता? नाक तिचं..."

आई थांबली.

मग पदर तोंडाला लावून खाली बसली.

मी मालूच्या अंथरुणात झोपायचे. तिचा आवाज मला आजही आठवतो. तिनं माझी घातलेली वेणीसुद्धा.

डोळे मिटून हाक मारली की ती वळते...

आणि चेहऱ्याच्या जागी काहीच नसतं.