रिकाम्या खुर्चीचे फोटो

पणजोबांनी माणसे काचेवर उतरवली, म्हणून लोक त्यांना ‘काचवाले’ म्हणत. आजोबांनी ती फिल्मवर उतरवली. समोरच्याला जन्मभर दटावत राहिले, म्हणून ते ‘हलू नका’ झाले. वडिलांनी रंग आणले आणि ‘रंगीतशेठ’ म्हणवून घेतले. चौथ्या पिढीत स्टुडिओ माईंच्या हाती आला, तोवर काच, फिल्म आणि रंग या साऱ्यांच्या फायली होऊन हार्ड डिस्कच्या काळ्या डब्यांत जाऊन बसल्या होत्या. त्यांतला एक डबा हल्ली दमेकऱ्यासारखा घरघरत होता. तो बंद पडण्याआधी सारे फोटो नीट लावून दुसरीकडे हलवायला हवे होते.

त्यासाठी सूनबाईंनी दोन सॉफ्टवेअर चाचणीपुरती उतरवून घेतली होती. एक फायली तारखेवार लावी. दुसरे चेहरे ओळखून एका माणसाचे सारे फोटो एका ढिगात घाली.

“माणसं ओळखायला यंत्र कशाला? मी मेले का?” माई म्हणाल्या.

“तुम्ही शंभरी गाठा हो आई. डिस्क गाठायची नाही.”

पण दुसऱ्याने आपले काम दाखवले आणि माईंचा आवाज खाली आला. लाकडी घोड्यावरची पोरगी, तीच नवरी, तीच नातवाला मांडीवर घेतलेली आजी. एका ओळीत सबंध आयुष्य. पुसट झालेले पडदे, वडिलांच्या हाताने रंगवलेले गाल, दिव्यांनी तापलेल्या कापडाचा तो वास, सारे परत आले. मनातल्या मनात माईंनी त्याला पास करून टाकले.

मग सर्वांत मोठा ढीग उघडला. त्यात माणूसच नव्हता.

गिऱ्हाईक बसण्याआधी रिकाम्या खुर्चीचा एक फोटो काढायचा, मग माणसाचा, हा आजोबांपासूनचा दंडक. उजेड पाहायला असेल, म्हणून कुणी विचारले नव्हते. त्या प्रत्येक फोटोत, बैठकीच्या वर, सॉफ्टवेअरने एक बारीक पिवळा चौकोन आखला होता. खाली प्रश्न होता : हे कोण?

“खुर्चीच्या पाठीलाच चेहरा समजतंय बावळट,” सूनबाई हसल्या. “पुसूनच टाकू. निम्मी जागा मोकळी होईल.”

पडद्यावर विचारणा आली : सर्व कायमचे पुसायचे?

“थांब.”

स्टुडिओतली खुर्ची मध्ये तीनदा बदलली होती. चौकोनाला त्याचे सोयरसुतक नव्हते. आजोबांच्या फोटोंत तो खाली, लहान मुलाच्या उंचीवर होता. वडिलांच्या काळात हळूहळू वर चढला. माईंच्या फोटोंत वर्षानुवर्षे एका जागी टिकला. आणि अलीकडे तो किंचित खाली, किंचित पुढे झुकला होता.

पाठीला बाक आल्यावर झुकतो तसा.

बाहेरच्या खोलीत वडिलांची थोरली बहीण उन्हात बसली होती. माईंनी तिला हात धरून आत आणले.

“आत्या, आजोबा आधी रिकामी खुर्ची का काढायचे गं?”

“रिकामी कशी? उजेड लावायला आमच्या धाकटीला बसवायचे. कॅमेऱ्यात फिल्म नसायची. फिल्म गिऱ्हाइकाची. ती म्हणायची, माझा काढा ना. ‘तुझा उद्या,’ म्हणायचे. रोजचंच ते.” आत्याने पदराने चष्मा पुसला. “सातवं लागलं नि तापानं गेली. फोटोवाल्याची पोर, आणि घरात एक फोटो नाही. त्यानंतर ते रिकाम्या खुर्चीपुढे फिल्म घालायला लागले.”

“म्हणजे हे सगळे तिचेच?”

“छट! हे उजेडाचे. तिचा राहिलाच.”

माईंनी ‘नाही’वर बोट ठेवले. पुसायची खिडकी मिटली.

“दिवे लाव,” त्या सूनबाईंना म्हणाल्या. “सगळे.”

सूनबाईंनी एकेक करून सारे दिवे लावले.

खुर्ची पडद्यासमोर आली. माईंनी गिऱ्हाइकासाठी बदलावे तसे भिंग बदलले, हनुवटीच्या जागी उजेड मोजला.

“हलू नकोस हं,” त्या म्हणाल्या.

फोटो संगणकात उतरला. रिकामी खुर्ची. चौकोन. खाली सूचना : डोळे मिटलेले आहेत. पुन्हा काढायचा?

सूनबाईंनी माईंचा दंड घट्ट धरला.

“पापणी लवायचीच तिची,” आत्या हसून म्हणाली. “काढ दुसरा.”

माईंनी दुसरा काढला.

या वेळी सूचना आली नाही. ‘हे कोण?’ असेही कुणी विचारले नाही. माईंनी मोठा ढीग उघडला. आजोबांच्या, वडिलांच्या, त्यांच्या स्वतःच्या, एकाही फोटोत चौकोन उरला नव्हता. खुर्च्या नुसत्या खुर्च्या होत्या.

सूनबाईंनी न सांगता फोटो मोठ्या कागदावर छापला आणि आत्याच्या हाती दिला. पडदा, उजेड, रिकामी बैठक.

आत्याने कागद डोळ्यांजवळ नेला.

“माझ्याएवढीच म्हातारी झाली की गं,” ती म्हणाली. “फिटलं आमच्या वडिलांचं.”

शाई अजून ओली होती. चेहऱ्यावर बोट उमटू नये म्हणून तिने कागद अगदी कडेने धरला होता.